खाती ७० कोटी, पण नोंद उघडतो कोण?

देशातील प्रत्येक रुग्णाची वैद्यकीय नोंद संगणकावर असावी आणि रुग्णाच्या परवानगीने ती कोणत्याही गावच्या डॉक्टरला पाहता यावी, या कल्पनेला विरोध करणारा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही. मतभेद आहे तो पैसा कशावर खर्च करायचा, याबद्दल. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले, फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी पाच वर्षांकरिता १,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ‘आभा’ खात्यांची (म्हणजे या मिशनखाली निघालेल्या रुग्णांच्या डिजिटल आरोग्य खात्यांची) संख्या ७० कोटींच्या पुढे गेली. त्याच सुमारास या खात्यांना जोडलेल्या नोंदी ५० कोटींच्या आसपास होत्या, म्हणजे ज्यांचे खाते निघाले त्यांच्या वाट्याला सरासरीने एक नोंदही आलेली नव्हती. नागपुरात दवाखाना चालवणारा साधा जनरल प्रॅक्टिशनर म्हणून या दोन आकड्यांकडे पाहताना मला तिसराच आकडा हवासा वाटतो. एका ठिकाणी तयार झालेली नोंद दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरने उपचार करताना प्रत्यक्ष उघडून वाचली, असे किती वेळा घडले? मंजुरीचा पाच वर्षांचा काळ सरत आला असताना पुढचा पैसा याच आकड्याकडे बघून द्यावा, असे माझे मत आहे.

हे मत बनण्यात या शहराच्या जागेचा वाटा मोठा आहे. नागपूरचे रुग्ण नुसते नागपूरचे नसतात. मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालये, मिहान या औद्योगिक क्षेत्रातले एम्स आणि रामदासपेठ-धंतोलीतील खासगी रुग्णालये यांच्या दारात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा आणि यवतमाळची माणसे तर असतातच, शिवाय छिंदवाडा, शिवनी, बालाघाट आणि बैतूलहून मध्य प्रदेशातले, राजनांदगावहून छत्तीसगडचे आणि आदिलाबादकडून तेलंगणाचेही रुग्ण येतात. पुण्यात किंवा मुंबईत राज्यापुरती नोंदव्यवस्था केली तरी बरेचसे काम भागू शकेल. इथे ती मध्य प्रदेशच्या सीमेकडच्या सावनेरच्या पुढे गेल्यावर निरुपयोगी ठरते. नोंद राष्ट्रीय असावी हा आग्रह आमच्याकडे रोजच्या ओपीडीतून येतो.

मिशनची रचना कागदावर चांगली आहे, हे आधी सांगितले पाहिजे. दिल्लीत एखाद्या प्रचंड गोदामात सर्वांच्या फायली साठवल्या जात आहेत, असा बऱ्याच लोकांचा समज असतो आणि तो चुकीचा आहे. नोंद जिथे तयार झाली त्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेतच राहते. १४ अंकी आभा क्रमांकामुळे ती कोणाची आहे हे कळते. दुसऱ्या डॉक्टरला ती हवी असल्यास तो संमती-व्यवस्थेमार्फत मागणी करतो आणि कोणत्या प्रकारची कागदपत्रे, कोणत्या कालावधीतली, किती दिवसांसाठी दाखवायची हे रुग्ण ठरवतो. डॉक्टरांची नोंदवही वेगळी, रुग्णालयांची वेगळी आणि विम्याच्या दाव्यांची देवाणघेवाण आणखी वेगळी. आभा खाते काढणे ऐच्छिक आहे. खर्च कमी ठेवणारी आणि रुग्णाच्या हाती किल्ली देणारी ही रचना मला मनापासून पटते.

आता ही रचना ज्यांच्या कामी सर्वांत आधी यायला हवी, त्या रुग्णांकडे वळू. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशनची सुरुवात झाली, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे लक्ष्य आहे. तपासणी झाल्यावर ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, एवढे कळते आणि कार्ड मिळते. परंतु ‘एसएस’ असलेली १९ वर्षांची मुलगी तीव्र वेदनांसह रात्री अनोळखी रुग्णालयात दाखल होते, तेव्हा कार्डावरची दोन अक्षरे पुरत नाहीत. तिचे हिमोग्लोबिन ७ आले, तर ते तिचे नेहमीचेच आहे की काल ९ होते आणि आज घसरले आहे, हे ड्यूटीवरच्या डॉक्टरला कळायला हवे. नेहमीचे असेल तर घाईने रक्त चढवण्याची गरज नसते, उलट गरज नसताना चढवलेले रक्त तिच्या रक्ताचा घट्टपणा वाढवून त्रासदायक ठरू शकते. घसरले असेल तर मात्र एक तासही दवडता येत नाही. पूर्वी किती वेळा रक्त चढवले, त्यातून तिच्या शरीरात इतरांच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या आहेत का, मागच्या वेळी रिॲक्शन आली होती का, हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध किती मात्रेने सुरू आहे, ती मात्रा शेवटची कधी बदलली: या सगळ्यांची उत्तरे कुठे ना कुठे लिहिलेली असतात. काही आरमोरीच्या ग्रामीण रुग्णालयात, काही गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात, काही नागपूरच्या एखाद्या रक्तपेढीच्या रजिस्टरात.

ती उत्तरे आज माझ्यापर्यंत येतात ती कापडी पिशवीतून. अशा पिशवीत काय असते, ते ज्याने ती टेबलावर उपडी केली आहे त्यालाच ठाऊक. औषध दुकानाची बिले, सोनोग्राफीचे काळे कागद, तीन वेगवेगळ्या लॅबचे सीबीसी म्हणजे रक्ततपासणीचे अहवाल, घामाने चिकटलेले डिस्चार्ज कार्ड आणि ईसीजीची पट्टी. ईसीजी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर काढतात आणि तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात, नागपूरच्या मे महिन्यात, काही काळ राहिला की पांढराफटक पडतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याचा एकमेव पुरावा कोऱ्या पट्टीच्या रूपाने माझ्यासमोर आलेला आहे. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. सकाळच्या पॅसेंजरने आलेल्या आणि संध्याकाळी परत जाणाऱ्या माणसाला ७२ तासांचा काय उपयोग?

तेव्हा संगणकीय नोंद हवी, याबद्दल शंका नाही. प्रश्न असा की ती लिहिणार कोण. देशोदेशीच्या अभ्यासांचा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात भारतातील प्राथमिक उपचारांच्या ठिकाणी डॉक्टर एका रुग्णाला सरासरी दोन मिनिटांच्या आसपास वेळ देतो, असे दिसले. सरकारी ओपीडीत काम केलेल्या कोणालाही हे ऐकून धक्का बसणार नाही. दोन मिनिटांत विचारपूस, तपासणी आणि चिठ्ठी लिहिणे बसवायचे असते. त्यात संगणकावर नाव शोधा, तक्रार टाइप करा, निदानाचा सांकेतिक क्रमांक निवडा, औषधे यादीतून काढा, असे सांगितले तर एकतर रांग दुपारी चारपर्यंत लांबते किंवा डॉक्टर ‘ताप, उपचार दिले’ एवढे टाकून मोकळा होतो. दुसरे अधिक वेळा होते. तीच बाब एएनएम ताईंची, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिकांची. क्षयरोगासाठी ‘निक्षय’, गरोदर माता आणि बालकांसाठी एक पोर्टल, मधुमेह-रक्तदाबासाठी दुसरे, लसीकरणासाठी तिसरे, आणि पुन्हा कागदी रजिस्टर आहेच, कारण वरच्या साहेबांना सही लागते. एकाच बाईचे नाव आणि वय चार ठिकाणी भरणाऱ्या माणसाकडून पाचवी नोंद अचूक येईल, ही अपेक्षाच गैर आहे.

म्हणून माझ्या दृष्टीने या योजनेतली सर्वांत महत्त्वाची तरतूद सर्व्हर, ॲप किंवा क्यूआर कोडच्या फलकांसाठी असायची गरज नाही. ती ओपीडीत डॉक्टरच्या शेजारी बसून लिहून घेणाऱ्या माणसाच्या पगाराची असायला हवी. १,६०० कोटी हा आकडा मोठा वाटतो, पण १४० कोटी लोकांमध्ये आणि पाच वर्षांत तो वाटला तर माणशी वर्षाला सव्वादोन रुपये पडतात. नागपुरात तेवढ्यात टपरीवरचा कट चहासुद्धा मिळत नाही. त्यातही वर्षागणिक तरतूद खालीवर होत राहिली. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ३४१ कोटी दाखवले होते, पुढच्या वर्षी २०० कोटी. एवढ्या पैशात मानके ठरवता येतात, नोंदवह्या उभारता येतात, जाळे चालवता येते आणि ते काम झालेही आहे. गोंदियाच्या ग्रामीण रुग्णालयात माणूस बसवता येत नाही. तो खर्च राज्याने करावा असे केंद्र गृहीत धरते, राज्य तो रुग्णालयाच्या किरकोळ निधीतून होईल असे समजते, आणि शेवटी ११ महिन्यांच्या कंत्राटावर आलेला ऑपरेटर पगार थकल्यावर मिहानमध्ये नोकरी शोधतो.

पैसा नियमितपणे आला नाही की काय होते, हे राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी पाहिलेले आहे. तिथे वर्षानुवर्षे चाललेली संगणक प्रणाली २०२२ मध्ये कंत्राटाच्या वादातून बंद पडली आणि नंतर दुसरी आणावी लागली. मधल्या काळात पुन्हा हाताने चिठ्ठ्या. प्रणाली बदलते तेव्हा जुन्या नोंदींचे स्थलांतर हा कंत्राटातला सर्वांत दुर्लक्षित परिच्छेद असतो. नवी यंत्रणा दिमाखात सुरू होते, उद्घाटनाची फीत कापली जाते आणि दहा वर्षांचा इतिहास जुन्या कंपनीच्या हार्ड डिस्कवर राहतो. पुढच्या प्रत्येक कंत्राटात ‘सोडून जाताना सर्व नोंदी ठरलेल्या प्रमाण स्वरूपात परत द्याव्यात आणि तोवर अखेरचे देयक रोखावे’ अशी अट असली पाहिजे, आणि स्थलांतराचा खर्च पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवला पाहिजे.

इतर देशांनी याहून कितीतरी पटींनी पैसा ओतलेला आहे आणि त्यांचे अनुभव दोन टोकांचे आहेत. ब्रिटनने २००२ मध्ये एकाच मोठ्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सर्व रुग्णालयांना वरून ठरवलेली प्रणाली देण्याचा घाट घातला; २०११ मध्ये तो गुंडाळण्याची घोषणा झाली, आणि हिशेब मांडला तेव्हा खर्च १,००० कोटी पौंडांच्या घरात गेला होता. डॉक्टरांना न विचारता निवडलेली प्रणाली डॉक्टर वापरत नाहीत, एवढे त्यातून निघाले. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने उलट मार्ग धरला. प्रणाली कोणतीही घ्या, पण ती प्रमाणित असू द्या आणि ठरलेल्या कामांसाठी वापरल्याचे दाखवा, म्हणजे पैसे मिळतील. एकेका डॉक्टरला वृद्धांच्या सरकारी विम्यातून ४४,००० डॉलरपर्यंत मिळू शकत होते आणि २०१५ पासून न वापरणाऱ्यांना दंड होता. एकूण ३,००० कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाटली गेली. २००८ मध्ये तिथल्या दहांतल्या एका रुग्णालयाकडेही मूलभूत संगणकीय नोंद नव्हती. २०१५ पर्यंत पाचांतल्या चारांकडे ती आली. वापर वाढवायचा असेल तर वापराचे पैसे द्यावेत, हे यावरून स्पष्ट दिसते. पण त्या यशाला एक मोठी भेग होती. पैसे आधी वाटले आणि ‘मागितल्यावर नोंद दुसऱ्याला द्यावीच लागेल’ हा नियम मागाहून, २०१६ च्या कायद्याने आला. तोवर प्रत्येक कंपनीने आपापल्या कुंपणात नोंदी कोंडून ठेवल्या होत्या, आणि डॉक्टर रात्री घरी बसून रकाने भरत होते.

आपल्याकडची डिजिटल हेल्थ प्रोत्साहन योजना ही अमेरिकेच्या मार्गाची धाकटी आवृत्ती आहे. १ जानेवारी २०२३ पासून ती लागू झाली. ठरावीक संख्येपलीकडे आभाशी जोडलेल्या प्रत्येक व्यवहारामागे २० रुपये आणि एका संस्थेला कमाल चार कोटी, असे तिचे स्वरूप होते. सुरुवातीच्या आराखड्यात १० किंवा अधिक खाटांची रुग्णालये, प्रयोगशाळा आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्या होत्या. ज्याच्याकडे एक टेबल, एक तपासणीचा पलंग आणि एक कंपाउंडर आहे, तो त्यात कुठे बसणार? लहान दवाखान्यांसाठी पुढे १०० ‘मायक्रोसाइट’ची, म्हणजे अशा दवाखान्यांच्या स्थानिक समूहांची, कल्पना निघाली, हे योग्यच झाले, कारण भारतातला बहुसंख्य बाह्यरुग्ण अशाच दवाखान्यांत जातो. माझी तक्रार रकमेबद्दल नाही. व्यवहार मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे. नोंद जोडली की पैसे, मग ती नोंद म्हणजे नुसती ओपीडीची पावती का असेना. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या फोनवर अशा कितीतरी नोंदी दिसतात: तारीख, विभाग, टोकन क्रमांक आणि खाली काहीच नाही. २० रुपयांतले पाच रुपये जोडण्यासाठी आणि उरलेले पंधरा दुसऱ्या डॉक्टरने ती नोंद उघडल्यावर द्या. मग पाहा, डिस्चार्ज कार्ड किती सुवाच्य होते ते.

इथे जनआरोग्य योजनेचे उदाहरण घेण्यासारखे आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत किंवा आयुष्मान कार्डावर उपचार झाले की रुग्णालय दाव्यासाठी डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि शस्त्रक्रियेच्या नोंदी स्कॅन करून चढवते. ते काम वेळेत होते, नेटके होते, कागद पुसट असेल तर परत येतो आणि पुन्हा चढवला जातो, कारण त्यावर पैसे अडलेले असतात. बालाघाटच्या माणसाचे आयुष्मान कार्ड नागपुरात चालू शकते, म्हणजे त्याच्या उपचारांचा पैसा राज्याची सीमा ओलांडतो. तीच कागदपत्रे त्याच्या गावच्या डॉक्टरपर्यंत मात्र क्वचितच पोचतात. जी नोंद दाव्यासाठी एकदा तयार झाली, तीच रुग्णाच्या आभा खात्यात गेल्याशिवाय दावा मंजूर होणार नाही, असा नियम केला तर नवे मनुष्यबळ जवळपास लागणार नाही आणि देशातल्या सर्वांत गंभीर आजारांच्या नोंदी आपोआप जमू लागतील. माझ्या मते एवढी स्वस्त सुधारणा या क्षेत्रात दुसरी नाही.

संमतीच्या व्यवस्थेलाही पैसा आणि विचार लागणार आहे. माझ्या दवाखान्यात एका बाईंची जुनी नोंद मागवण्याचा प्रसंग आला. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारले, ‘मावशी, ओटीपी आला का?’ त्या म्हणाल्या, ‘मोबाइल तं पोराजवळ हाये बाई, अन् तो पुण्याले कामावर असते.’ पोराला फोन लावला तर तो पाळीवर, फोन कपाटात. नोंद होती, क्रमांक होता, डॉक्टर समोर होता आणि रुग्णही राजी होती. शेवटी सगळ्या तपासण्या पुन्हा लिहून द्याव्या लागल्या आणि त्याचे पैसे अर्थातच तिच्या पदरातून गेले. ज्यांच्याजवळ स्वतःचा फोन नाही त्यांना दवाखान्यातच, अंगठा किंवा चेहरा दाखवून, त्या भेटीपुरती संमती देता यावी. सरसकट कायमची संमती लिहून घेणे हा यावरचा उपाय नव्हे, आणि तसा मोह रुग्णालयांना होतो हे मी पाहिले आहे.

कारण नोंद उघडणे सोपे करताना ती कोणासाठी सोपी होते, हे विसरून चालत नाही. सिकलसेलचीच गोष्ट घ्या. ‘एएस’ असणे हा आजार नाही, पण लग्न जुळवताना मुलीचा अहवाल मागितला जातो आणि मुलाचा मागितला जात नाही, हे विदर्भातल्या कोणाही आरोग्य कर्मचाऱ्याला माहीत आहे. एचआयव्हीच्या नोंदींना २०१७ च्या कायद्याचे संरक्षण आहे. मानसिक आजार, गर्भपात आणि अनुवंशिक वाहकत्व यांच्या नोंदी रुग्णाने मुद्दाम निवडल्याशिवाय दिसूच नयेत, अशी रचना आधीपासून हवी. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला ही चांगली बाब आहे, परंतु कायद्याने सर्व्हर सुरक्षित होत नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाला पुढचे कित्येक दिवस हाताने कागदावर काम करावे लागले. तिथे ही वेळ येत असेल, तर तालुक्याच्या ५० खाटांच्या रुग्णालयाच्या संगणकाची, ज्याचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो, काय कथा! बॅकअप, सुरक्षेची तपासणी आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांना स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, म्हणजे मार्चअखेर निधी कमी पडला की पहिली कात्री तिथे लागणार नाही.

विस्तार कुठून करावा, यावर मिशनने जिल्ह्यांची यादी करून सगळीकडे थोडे थोडे वाटण्याऐवजी रुग्णांच्या वाटा पाहाव्यात, असे मला वाटते. गडचिरोली-नागपूर, बालाघाट-गोंदिया-नागपूर आणि छिंदवाडा-नागपूर या तीन वाटांवरची सरकारी रुग्णालये, रक्तपेढ्या आणि कर्करोग उपचार केंद्रे आधी घ्यावीत. आजार तीनच घ्यावेत, सिकलसेल, कर्करोग आणि डायलिसिसवरचे मूत्रपिंडाचे रुग्ण, कारण हीच माणसे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक ठिकाणी लिहून घेणारा एक माणूस तीन वर्षांच्या हमीने नेमावा, त्याचा पगार केंद्राने द्यावा आणि दर महिन्याला एवढाच आकडा जाहीर करावा: गडचिरोलीत लिहिलेल्या किती नोंदी नागपुरात उघडल्या गेल्या आणि नागपुरातल्या किती गडचिरोलीत. परतीची वाट मुद्दाम सांगतो आहे, कारण नागपूरहून सुटी झालेल्या रुग्णाची पुढची काळजी गावाकडच्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाच घ्यायची असते आणि त्याच्या हाती आज डिस्चार्ज कार्डाची दुमडलेली झेरॉक्स पडते.